मणि कौल : संशयी प्रेक्षकासाठी

मणि कौल यांच्या चित्रपटांवरचा आक्षेप ठरलेला आहे : काही घडत नाही, आणि पात्रं संवाद बोलत नाहीत, वाचून दाखवतात. भिलाईत, आमच्या स्मृतिनगरच्या मराठी मंडळींकडून मी तो अनेकदा ऐकला आहे. त्यातलं निरीक्षण बरोबरच आहे. पण हे कौलांना जमलं नाही म्हणून झालं, की त्यांनी ठरवून केलं?

त्यासाठी दोन चित्रपट पाठोपाठ पाहावेत. विजयदान देथांच्या एकाच राजस्थानी कथेवर कौलांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’ केला आणि अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’. लग्न होताच नवरा व्यापारासाठी निघून जातो. नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं, पण तिला मात्र खरं काय ते सांगतं. ‘पहेली’त भूत अखेर नवऱ्याच्या शरीरात शिरतं आणि तिला हवा तो माणूस मिळतो. ‘दुविधा’त भूत कातडी पिशवीत कोंडलं जातं आणि तिच्या वाट्याला परतलेला नवरा येतो. तिची मर्जी विचारणारं एकटं ते भूतच होतं.

कौलांची नवरी फारसं बोलत नाही. गोष्ट निवेदनातून पुढे सरकते, चेहरे छायाचित्रासारखे थिजतात. ती पोकळी गाण्यांनी, अश्रूंनी भरता आली असती. प्रेक्षक सुखावला असता, पण तिला कुणी विचारलंच नाही, हे जाणवलं नसतं. भाषांतर करताना हा मोह मला रोज भेटतो : मूळ वाक्यातली अडचण गुळगुळीत करून टाकावी. कौल ती अडचण जपतात, म्हणून ते मला आवडतात.

मात्र सुरुवात ‘सतह से उठता आदमी’पासून (१९८०) करू नये. मराठी घरातले हिंदी कवी मुक्तिबोध शेजारच्या राजनांदगावला दिग्विजय महाविद्यालयात शिकवत, म्हणून आपल्याला त्याचं अगत्य वाटतं. पण मुक्तिबोध वाचलेले नसतील तर तो चित्रपट दाराबाहेरच उभं करतो, हे मान्य करायला हवं.

‘दुविधा’नंतर ‘नौकर की कमीज़’ (१९९९) पाहा. मूळ कादंबरी राजनांदगावातच जन्मलेल्या विनोदकुमार शुक्लांची. आदर्श नोकराच्या मापाने साहेबाने शिवून घेतलेला सदरा कारकून संतूबाबूंच्या अंगात बळजबरीने चढवला जातो. प्रसंग हसवतो, आणि मग हसू आवरावं लागतं. नोकरीत आयुष्य काढलेल्या कुणालाही तो सदरा ओळखीचा वाटेल.

त्यानंतरही कंटाळा आला, तर आक्षेप कायम ठेवा. पण मग तो कौलांच्या चित्रपटांवरचा असेल, त्यांच्याबद्दल ऐकलेल्या गोष्टींवरचा नव्हे.