लिनक्स टाकायची मार्गदर्शकं: कृती भरपूर, पद्धत कुठे?

नवीन लॅपटॉप घेतला की पेटच्या, पीएचडीच्या तयारीतल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘याच्यावर लिनक्स टाकायचंय, कोणता व्हिडिओ बघू?’ फैजपूर, सावदा, यावल भागात हा प्रश्न जरा जास्तच अडचणीचा. काही बिघडलं तर लॅपटॉप उचलून भुसावळ नाहीतर जळगाव गाठायचं, आणि तिथेही बऱ्याचदा उत्तर एकच मिळतं: ‘विंडोज परत मारून देतो.’ म्हणजे मार्गदर्शक चुकीचं निवडलं तर एक दिवस आणि प्रवासाचे पैसे जातात, कधीकधी तर फील्डवर्कचा सगळा डेटाही जातो.

म्हणून आज मी आणखी एक मार्गदर्शक लिहिणार नाहीये. जी आहेत ती कशी आहेत, हे तपासणार आहे. कसोटी तीच, जी आपण शोधनिबंधाला लावतो: यात पद्धत सांगितली आहे का?

कृती आणि पद्धत यांतला फरक

आपल्याकडे भरीत कसं करायचं हे कोणालाही विचारा. ‘वांगं भाजा, ठेचा, फोडणी द्या’ ही झाली कृती. पण खानदेशी माणूस आधी विचारेल, वांगं कोणतं? बामणोदचं का? कपाशीच्या काड्यांवर भाजलं की गॅसवर? हे माहीत नसेल तर कृती बरोबर असूनही भरीत बिघडतं, आणि ते का बिघडलं हे कळतही नाही.

ड्रायव्हरचं अगदी हेच आहे. ‘ही कमांड टाका, रीस्टार्ट करा, वाय-फाय चालू होईल’ ही कृती. ती कोणत्या चिपसाठी, कोणत्या कर्नेलवर, कधी करून बघितली, हे सांगितलं तर ती पद्धत.

स्पोकन ट्युटोरियल: सवय चांगली, पाठ जुने

मराठीतून शिकायचं म्हटलं की पहिलं नाव आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चं घ्यावं लागतं. साधारण दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष काम चाललेलं आणि आवाज मराठीत. शेजारी स्वतःचा लॅपटॉप उघडून, व्हिडिओ थांबवत थांबवत करून बघायचं, अशी त्याची रचना आहे. शिक्षकाशिवाय शिकणाऱ्यासाठी हे सोन्यासारखं आहे.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बरेच जण पुढे ढकलून देतात. पाठाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की हे रेकॉर्ड करताना कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली. शोधनिबंधातल्या ‘साधने आणि पद्धती’ या भागाचं हे छोटं रूप आहे. संशोधक व्हायचं असेल तर ही दोन वाक्यं ढकलू नका.

आता मर्यादा. लिनक्सचे अनेक पाठ उबंटूच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांवरचे आहेत. फाइल कॉपी करणं, परवानग्या बदलणं, टर्मिनल वापरणं यासाठी ते आजही चालतात. पण ड्रायव्हरच्या बाबतीत तेव्हाचा लॅपटॉप आणि आजचा लॅपटॉप या दोन वेगळ्या जाती आहेत. शिवाय सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितली तरी यंत्र कोणतं हे त्यात येत नाही. टर्मिनल शिकायला हे उत्तम. नव्या लॅपटॉपचं वाय-फाय चालू करायला याचा आधार घेऊ नका.

डेबियनची मार्गदर्शिका: शिस्त पक्की, वाचक मात्र दुसराच

डेबियनची अधिकृत इन्स्टॉलेशन मार्गदर्शिका म्हणजे पद्धतीचा आदर्शच. आधी बॅकअप घ्या, मग हार्डवेअरची माहिती गोळा करा, मग पुढचं. प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी मार्गदर्शिका वेगळी.

पण ती लिहिताना डोळ्यासमोर असलेला वाचक वेगळा आहे. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर मराठीत चालतो, मार्गदर्शिका मात्र मराठीत नाही. म्हणजे बटणं मराठीत आणि ती का दाबायची याचं कारण इंग्रजीत! आणि वाय-फाय नसेल तर लॅनची वायर लावा, हा सल्ला आपल्याकडच्या किती घरांत उपयोगाचा? आपला साधा उपाय म्हणजे मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करणं. अँड्रॉइड फोनला त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आपल्या भागातल्या माणसाने लिहिलेल्या मार्गदर्शकात ही ओळ पहिल्या पानावर असती.

‘दहा मिनिटांत लिनक्स’ छाप व्हिडिओ

आता सगळ्यात जास्त पाहिला जाणारा प्रकार. इथे माझी तक्रार भाषेची नाही, गाळलेल्या गोष्टींची आहे. दोनच उदाहरणं घेतो.

पहिलं उदाहरण वाय-फायचं. कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये रिअलटेकची आरटीएल८८५२बीई ही चिप असते. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये ६.२ या आवृत्तीपासून आला. आता बघा: एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबंटू २२.०४ मध्ये कर्नेल होतं ५.१५. ऑगस्ट २०२३ मधल्या २२.०४.३ च्या आयएसओमध्ये ६.२. दोन्हींना लोक ‘उबंटू २२.०४’च म्हणतात. एकाचं वाय-फाय लगेच चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात!

डेबियनचंही तसंच. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, मुक्त नसलेलं फर्मवेअरही अधिकृत आयएसओमध्ये यायला लागलं. चिपवर चढवायची फाइल म्हणजे फर्मवेअर, आणि चिपशी बोलणारा कर्नेलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. ‘आता सगळं फर्मवेअर आत आहे, वाय-फाय चालणारच,’ असं ऐकायला मिळतं. पण डेबियन १२ चं कर्नेल ६.१. फर्मवेअर असलं तरी या चिपचा ड्रायव्हरच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चं कर्नेल ६.१२, तिथे ही अडचण नाही.

व्हिडिओत काय सांगतात? कुठून तरी ड्रायव्हरचा सोर्स उतरवा आणि कंपाइल करा. त्याने काम होतंही. पण बाहेरून टाकलेला ड्रायव्हर प्रत्येक कर्नेल अपडेटनंतर नव्याने कंपाइल व्हावा लागतो, त्यासाठी डीकेएमएस ही सोय वापरतात. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नेल नाकारतं. मग महिन्याभराने अपडेट येतं, वाय-फाय गायब होतं आणि खापर फुटतं लिनक्सवर. नवं कर्नेल असलेली आयएसओ घेतली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. उपाय सांगितला, पण निदान केलंच नाही, हा या व्हिडिओंचा मूळ दोष.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. ‘बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद करा, पार्टिशन लहान करा.’ विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मग सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की त्या खात्यात साठवलेली असते. आता आठवा, लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना इमेल कोणाचा टाकला होता? तुमचा, मोठ्या भावाचा की दुकानातल्या मुलाचा? ती की मिळाली नाही तर त्या डिस्कवरच्या मुलाखती, सर्वेक्षणाची उत्तरं, अर्धा लिहिलेला सिनॉप्सिस, सगळं कुलपात. डॉसवाला, म्हणजे विंडोजशिवाय मिळणारा लॅपटॉप घेतला असेल तर हा धोका नाही. पण हा फरकसुद्धा व्हिडिओत सांगत नाहीत. वाचणाऱ्याचं काय जाऊ शकतं हे न सांगणारं मार्गदर्शक अपूर्ण नाही, धोकादायक आहे.

याचा संशोधनाशी काय संबंध?

‘आम्ही काही कॉम्प्युटरवाले नाही,’ असं म्हणू नका. २०१२ साली ‘प्लॉस वन’मध्ये एक अभ्यास आला होता. मेंदूच्या एमआरआय प्रतिमा मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर घेऊन, त्याची आवृत्ती, संगणकाचा प्रकार आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती बदलून तेच मोजमाप पुन्हा केलं. आकडे बदलले. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीमुळे जास्त, सिस्टीममुळे कमी, पण बदलले. प्रतिमा त्याच, मेंदू तोच!

म्हणजे तुमचा लॅपटॉप हेही प्रयोगाचं उपकरणच. प्रयोगशाळेत तराजूचं मॉडेल लिहितो, तसं इथे कर्नेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायची. ही सवय लावायला लिनक्स टाकण्याएवढा स्वस्त सराव दुसरा नाही.

तेव्हा कोणतंही मार्गदर्शक हातात घेतलं की आधी पाच प्रश्न विचारा:

१. कोणत्या चिपवर करून बघितलंय? (तुमची चिप कळण्यासाठी लाइव्ह यूएसबीवरून चालू करून ‘एलएसपीसीआय’ ही कमांड चालवा.)
२. कोणतं कर्नेल? फक्त उबंटू किंवा डेबियन एवढं पुरत नाही.
३. कधी लिहिलंय?
४. फसलं तर काय जाईल, आणि मागे कसं यायचं?
५. जमलं हे कशावरून ओळखायचं?

पाचपैकी तीन उत्तरं नसतील तर ते सोडून द्या, त्याला कितीही लाख लोकांनी पाहिलेलं असो. चौथ्याचं उत्तर नसेल तर बाकी चार असूनही सोडून द्या.

आणि जमल्यावर स्वतःचं पान लिहा: लॅपटॉपचं मॉडेल, चिप, कर्नेल, तारीख, काय केलं, काय चाललं नाही. मराठीत लिहा. तुमच्याच मॉडेलचा लॅपटॉप घेतलेला यावलचा किंवा रावेरचा कोणी तरी ते शोधत असेल, आणि त्याच्यासाठी ते पान कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त कामाचं ठरेल.