पांढरी पेशी केवळ सैनिकच का?

जळगाव-धुळ्याकडच्या काय किंवा इतर कुठल्या काय, शाळेत पांढऱ्या पेशी शिकवायच्या म्हटले की किल्ला आणि सैनिक यांचे रूपक येतेच. जंतूंपुरते ते चालून जाते. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लढाईखेरीज डागडुजी हेही या पेशींचे काम. जखमेभोवती लाली, सूज, उष्णता व वेदना दिसतात, तो दाह. तेथे जमलेल्या मॅक्रोफेज पेशी मृत ऊती साफ करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात. कर्करोगाची गाठ ही न भरणारी जखम आहे, असे हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये मांडले. गाठीतही मॅक्रोफेज हेच काम इमानाने करतात. कर्कपेशींना रक्तात उतरायला त्यामुळे वाट मिळते.

याहून चांगले रूपक जुनेच आहे. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून ‘बी आणि जमीन’ ही कल्पना मांडली. कपाशी काळ्या जमिनीत फोफावते, मुरमाड माळावर खुरटते, हे खानदेशातल्या मुलाला सांगावे लागत नाही. मेंदूची जमीन कर्कपेशींना मुरमाडच. तेथे पोचलेल्या बहुतेक पेशी मरतात. तगतात त्या कशा? उंदरांवरील २०१६ च्या संशोधनात दिसले, की त्या ॲस्ट्रोसाइट या मेंदूची निगा राखणाऱ्या पेशींशी सूक्ष्म जोडमार्ग तयार करून त्यांना धोक्याचा रासायनिक इशारा पाठवतात. ॲस्ट्रोसाइट मग इंटरफेरॉन सोडतात आणि त्यावर कर्कपेशी तग धरतात. हेच इंटरफेरॉन आपण विषाणूंचा शत्रू म्हणून शिकवतो! पॅजेटचे रूपकही येथे थोडे अपुरे पडते, कारण ही जमीन बी बदलून घेते.

सैनिक अगदीच खोटा नाही. टी-पेशींवरचा लगाम काढणाऱ्या उपचारांना २०१८ चे नोबेल मिळाले. पण केवळ सैनिकच शिकवला, की ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे विकणाऱ्याचे फावते. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी डॉक्टर डेक्सामेथासोन देतात. ते प्रतिकारशक्ती दाबते असे ऐकून घरच्यांनी परस्पर बंद केले, तर सूज पुन्हा वाढू शकते; शिवाय बरेच दिवस औषध चालू असल्यास अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात आणि शरीराला लागणारे कॉर्टिसोल वेळेवर मिळत नाही.