रॉजर्सच्या खोलीत लाओ त्झू

अल्बर्ट एलिस मराठी वाचकाला परके नाहीत. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजवली, अंजली जोशी यांनी त्यांच्यावर कादंबरी लिहिली. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स मात्र आपल्याकडे पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणापुरतेच राहिले. दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहायचं असेल तर १९६४ साली अमेरिकेत चित्रित झालेली एक फिल्म आहे. एकच घटस्फोटित तरुण आई रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस यांच्यासमोर पाळीपाळीने बसते.

पहिली पाळी रॉजर्सची. लहान मुलीने आईला तिच्या पुरुषमित्रांबद्दल थेट प्रश्न विचारलाय आणि आई खोटं बोललीय. ते तिला खातंय. खरं सांगितलं तर मुलीला धक्का बसेल का, एवढं एकच उत्तर तिला हवंय. ती ते पुन्हा पुन्हा मागते. रॉजर्स देत नाहीत. पण टाळतही नाहीत. उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं, असं ते मोकळेपणाने म्हणतात आणि तिच्या घालमेलीबरोबर बसून राहतात. तुम्ही मला नुसतं तळमळत ठेवताय, अशी तक्रारही ती करते. त्या अर्ध्या तासाच्या शेवटाकडे ती स्वतःच सांगू लागते, की मनापासून पटलेली गोष्ट करताना आपण आतून कसे सबंध असतो. तिला तिथे कोणी नेलेलं नसतं.

हा प्रसंग पाहणाऱ्याला प्राचीन चिनी ताओवादी तत्त्वज्ञ लाओ त्झू आठवतो यात नवल नाही. बळ न लावता होऊ देणं, पाण्यासारखं खालची जागा घेणं, पुढे राहूनही मालकी न सांगणं या ‘ताओ ते चिंग’मधल्या कल्पना तिथे खुर्चीवर बसलेल्या दिसतात. त्यावरून गेली काही दशकं एक सोपी गोष्ट सांगितली जाते: रॉजर्स १९२२ मध्ये चीनला गेले होते, तिथूनच त्यांनी हे आणलं. मला ती गोष्ट पटत नाही. वीस वर्षांचा तो मुलगा पेकिंगला गेला होता ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी. परतताना त्याने घरच्या कर्मठ धर्मापासून फारकत घेतली, ताओवादाची दीक्षा घेतली नाही. त्याची पद्धत घडली रॉचेस्टरमध्ये, अडचणीतल्या मुलांबरोबर बारा वर्षं काम करताना, आणि मनोविश्लेषक ओटो रँक यांच्या विचारांतून. लाओ त्झूचा उल्लेख रॉजर्स आपुलकीने करतात तो उतारवयात. म्हणजे हा वारसा नाही. दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच पाणवठ्यावर झालेली ही भेट आहे, आणि म्हणूनच ती जास्त मोलाची आहे.

खरी जवळीक मला च्वांग त्झू या दुसऱ्या ताओवादी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात, चौथ्या प्रकरणात दिसते. येन ह्वे हा तरुण शिष्य वेइ राज्याच्या जुलमी राजाला सुधारायला निघालाय. त्याच्याकडे योजना आहेत, युक्त्या आहेत, सद्भावना तर भरपूर आहे. गुरू, म्हणजे इथे कन्फ्यूशियस, एकेक योजना खोडून काढतात आणि शेवटी त्याला मनाचा उपास करायला सांगतात. कानाने ऐकू नकोस, मनानेही नको, आतून रिकामा होऊन ऐक. दुसऱ्याला सुधारायला निघालेल्या माणसाला आधी आपला हेतू खाली ठेवायला लावणारा हा पाठ समुपदेशनाच्या कुठल्याही वर्गात पहिल्या दिवशी वाचावा अशा तोडीचा आहे. रॉजर्सनी १९५७च्या निबंधात समानुभूती, विनाशर्त स्वीकार आणि आतबाहेर एक असणं या अटी मांडल्या. त्या पाळायच्या तर हा उपास घडावाच लागतो.

पण त्याच प्रकरणात फारकतही आहे. रॉजर्स आपल्या बालपणातले तळघरातले बटाटे आठवतात: अंधारातही फिकट, लांबलचक कोंब काढून झरोक्याच्या उजेडाकडे झेपावणारे. जीव वाढू पाहतो, आपलं सर्वोत्तम रूप गाठू पाहतो, ही त्यांची श्रद्धा. च्वांग त्झूकडे मात्र देवस्थानाजवळचा एक अवाढव्य वृक्ष आहे. त्याच्या लाकडाचा कशालाच उपयोग नाही म्हणून सुतार नाक मुरडतो, आणि रात्री तो वृक्ष स्वप्नात येऊन त्यालाच फैलावर घेतो. त्याला काही बनायचं नाही. आज ‘स्वतःचा विकास’ हा बाजारातला माल झालेला असताना रॉजर्सच्या व्यक्तिकेंद्री उपचाराने हा वृक्ष जवळ ठेवायला हवा. समोरच्याने वाढलंच पाहिजे ही अपेक्षासुद्धा शेवटी एक अटच असते.

दुसरा प्रश्न सत्तेचा. १९५७ मध्येच मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी रॉजर्सना जाहीर संवादात हटकलं: मदत मागायला आलेला आणि मदत देणारा यांची परिस्थिती समान नसते. हे बूबर म्हणजे तरुणपणी च्वांग त्झूच्या कथा जर्मनमध्ये आणणारे गृहस्थ. त्यांच्या आक्षेपात ताओवादाचं एक विसरलं जाणारं सत्य आहे. ‘ताओ ते चिंग’चा मोठा भाग राज्यकर्त्याला उद्देशून आहे. काही न करणारा राजाही राजाच असतो.

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ट्रुआक्स यांनी १९६६ मध्ये याचा पुरावाच पुढे ठेवला. रॉजर्सच्याच एका उपचाराची ध्वनिमुद्रणं त्यांनी बारकाईने तपासली. सल्लार्थी विशिष्ट प्रकारचं बोलला की रॉजर्सची ऊब आणि समानुभूती वाढत होती, आणि तसं बोलणं पुढे वाढत गेलं. म्हणजे दिशा दिली जात होती, देणाऱ्याच्या नकळत. काहींनी यावरून सगळी पद्धतच दांभिक ठरवली. मला ते अन्यायाचं वाटतं. बळ न लावणं म्हणजे परिणाम शून्य असणं नव्हे. पण आपण दिशा देतच नाही असा दावा सोडावा लागतो, आणि अनेक रॉजर्सवादी अजून तो सोडत नाहीत.

विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर रॉजर्सनी केलेला प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही. त्या पडझडीनंतर पुढचं एक अस्सल काम उभं राहिलं, ते गॅरी प्रूटी यांचं. संपर्कच तुटलेल्या माणसाजवळ बसून ते फक्त दिसतं तेवढंच बोलत: तुमचा हात भिंतीवर आहे, तुम्ही खिडकीकडे पाहताय. अर्थ लावणं नाही, घाई नाही. ताओचं नाव न घेता ताओच्या इतकं जवळ गेलेलं दुसरं तंत्र मला माहीत नाही.

नाव घेऊन चाललेलं काम चीनमध्ये, चांगशा शहरात आहे. याच शहरात मावांगद्वी इथे १९७३ मध्ये लाओ त्झूची रेशमावरची हस्तलिखितं मिळाली. तिथले मानसोपचारतज्ज्ञ यांग देसेन आणि झांग यालिन यांनी ताओवादी बोधात्मक उपचार घडवला. ताण नोंदवायचे, श्रद्धा तपासायच्या, संघर्ष ओळखायचा, मग बत्तीस अक्षरांत बसवलेली ताओवादी शिकवण समजावून द्यायची. चिंताविकाराच्या १४३ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: गोळ्यांनी लवकर आराम पडला, शिकवणीचा गुण उशिरा आला पण सहा महिन्यांनी टिकून होता. हे काम मी कमी लेखत नाही. हव्यास कमी कर, थांबायचं कुठे ते ओळख, हे स्पर्धेने पिळवटलेल्या माणसाला त्याच्याच परंपरेतून ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तरीही इथे ताओ शिकवला जातो, उपचारकाने तो पाळायचा असतो हे मागे पडतं. रचनेने हा उपचार रॉजर्सपेक्षा एलिसच्या जवळचा आहे.

पश्चिमेत प्रश्न उलटा आहे. तिथे पाळणारे आहेत, पण त्यांना हिशेब द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये शेफील्डला ५१० नैराश्यग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्री उपचार बोधात्मक वर्तनोपचाराच्या बरोबरीने उतरला. वर्षअखेरीस मात्र मागे पडल्याची चिन्हं होती. हे निमूटपणे मान्य करावं. आपला उपचार मोजण्यापलीकडचा आहे, हा बचाव रॉजर्सना शोभला नसता. मुलाखती ध्वनिमुद्रित करून तपासायची प्रथा १९४०च्या दशकात त्यांनीच पाडली.

ती प्रथा आपल्याकडच्या समुपदेशन वर्गांत यायला हवी. तिथे रॉजर्स म्हणजे बऱ्याचदा समोरच्याचं वाक्य त्याला परत करण्याचा सराव, आणि ते काम जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या संगणक प्रोग्रॅमने १९६६ मध्येच करून दाखवलंय. त्याऐवजी विद्यार्थ्याने, सल्लार्थीची परवानगी घेऊन, स्वतःची ध्वनिमुद्रणं ऐकावीत आणि ट्रुआक्सने शोधलं तेच शोधावं: आपला आवाज कुठे खुलला, कुठे थंडावला, आणि त्या वेळी समोरच्याने नेमकं काय म्हटलं होतं.