न्यायमंदिरात संग्रहालय करा, पण कशाचं?

बडोद्यात रिक्षावाल्याला ‘न्यायमंदिर’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. तिथे आता कोर्ट भरत नाही, हा तपशील त्याला गौण. २०१८ मध्ये न्यायालयं नव्या संकुलात गेली आणि १८९६ ची ही वास्तू मोकळी झाली. आता तिथे शहराचं संग्रहालय व्हावं असा बेत आहे. संग्रहालयाला माझी हरकत नाही. ‘शहराचं’ या शब्दाला आहे.

इमारत रॉबर्ट चिझमची, बायझंटाईन वळणाची. गंमत म्हणजे ती मुळात भाजी मंडईसाठी योजलेली होती. नंतर इथे कोर्ट आलं, आणि वास्तूला १८८५ मध्ये वारलेल्या पहिल्या चिमणाबाई महाराणींचं नाव मिळालं. म्हणजे हिचा वापर बदलणं हे काही आजचं पाप नव्हे.

पण याच चिझमने कमाठीबागेत बांधलेलं संग्रहालय आपल्याकडे आहेच की! ममी, देवमाशाचा सांगाडा, चित्रं, सगळं तिथे आहे. पुन्हा तसलंच ‘थोडं थोडं सगळं’ कशाला? न्यायमंदिराकडे स्वतःचा विषय आहे. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घातली. १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. देशभरच्या हिंदूंना तो हक्क मिळायला १९५५ उजाडलं. त्याच १९३१ साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी वगैरे पर्याय. हे पान भिंतीवर मोठं करून लावलं तर मी तासभर तिथून हलणार नाही. १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० ला गुजरात झालं. वरचं सरकार बदलत गेलं, खाली पक्षकार जिने चढतच राहिले.

इंजिनियर म्हणून एवढंच म्हणेन की फॉल्स सीलिंग, एसीचे डक्ट आणि पार्टिशन या तिघांना दाराबाहेर ठेवा. चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दगड-वीट पोखरते. दिसायला मात्र काम झकास. आणि किमान एक कोर्टरूम, न्यायाधीशाचा चौथरा आणि साक्षीदाराचा पिंजरा यांसह, जशीच्या तशी मांडा. शाळेतल्या पोरांना त्या पिंजऱ्यात उभं राहू दे.

राहिले कागद. आपल्या मराठी घरांतल्या ट्रंकांमध्ये संस्थानी कोर्टाचे हुकूमनामे, वकीलपत्रं पडून असतील. वाळवीच्या आधी फोटो काढा, आणि मंडळाकडे एक प्रत द्या.