शितावरून भाताची परीक्षा : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आणि डेमोचा प्रश्न

व्हिडिओ गेम हा आता केवळ करमणुकीच्या उद्योगाचा विषय राहिलेला नाही. कथनशास्त्र, दृश्यकला आणि वाणिज्य या तिन्ही ज्ञानशाखांना त्याची दखल घ्यावी लागते. त्यातही ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणजेच भूमिकाप्रधान गेम हा प्रकार आकाराने व महत्त्वाकांक्षेने मोठा आहे. खेळणारा येथे एका पात्राची भूमिका स्वीकारतो, त्याची कौशल्ये घडवितो, संवादांतून निवडी करतो आणि पन्नास-शंभर तासांच्या कथाप्रवासात त्या निवडींची फळे भोगतो. अशी कृती बाजारात आणण्यापूर्वी तिचा काही अंश विनामूल्य खेळावयास द्यावा काय, म्हणजेच निर्मात्या स्टुडिओंनी डेमो प्रसिद्ध करावा काय, हा प्रश्न वरकरणी व्यापारी वाटतो. वस्तुतः अंशावरून संपूर्णाचे मूल्यमापन कितपत शक्य आहे, या समीक्षेतील जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

डेमोची प्रथा नवी नाही. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअर या अमेरिकन स्टुडिओने ‘डूम’ या गेमच्या तीन खंडांपैकी पहिला संपूर्ण खंड विनामूल्य वितरित केला. पुढील खंड हवे असल्यास पैसे भरावयाचे. १९९८ मध्ये जपानमधील स्क्वेअर या कंपनीने ‘फायनल फँटसी ८’ या भूमिकाप्रधान गेमचा डेमो स्वतःच्याच ‘ब्रेव्ह फेन्सर मुसाशी’ या दुसऱ्या गेमसोबत दिला. पुढे गेम इंटरनेटवरून विकले जाऊ लागले आणि आगाऊ नोंदणीची पद्धत रुळली. ग्राहक न पाहताच पैसे भरावयास तयार असेल, तर नमुना दाखविण्याची निकड विक्रेत्यास कशी वाटावी?

या निकडीच्या अभावाचे ठळक उदाहरण म्हणजे पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओचा ‘सायबरपंक २०७७’. तोही १० डिसेंबरलाच, परंतु २०२० साली, प्रकाशित झाला. तत्पूर्वी आगाऊ नोंदणीचा आकडा ८० लाखांवर गेला होता. २०१८ मध्ये या गेमची ४८ मिनिटांची चित्रफीत प्रसिद्ध झाली होती आणि तिलाही ‘डेमो’ असेच म्हटले गेले. मात्र तो खेळण्याचा नव्हे, पाहण्याचा नमुना होता. खेळ स्टुडिओच्या हातात होता, यंत्रही स्टुडिओचेच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये व्यवस्थापनाने गुंतवणूकदारांना जुन्या कन्सोलवरही गेम उत्तम चालतो, असे सांगितले. समीक्षकांना पूर्वपरीक्षणासाठी केवळ संगणकावरील आवृत्ती मिळाली. परीक्षणात स्वतःचे चित्रण दाखविण्याची मुभाही नव्हती. प्रत्यक्षात प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर गेम अडखळत होता, दृश्ये विस्कटत होती, मध्येच तो बंद पडत होता. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या विक्रीदालनातून काढून टाकला व ग्राहकांना पैसे परत देऊ केले. २१ जून २०२१ पर्यंत तो तेथे परतला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जाहीर क्षमायाचना केली. ग्राहकांना आलेल्या अडचणींचा मोठा भाग कंपनीच्या चाचण्यांत दिसलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. ते शब्दशः खरे मानले, तर प्लेस्टेशन ४ वर दोन तासांचा डेमो देण्याची गरज त्यातूनच सिद्ध होते. कंपनीच्या प्रयोगशाळेत जे दिसले नाही ते हजारो घरांत पहिल्याच संध्याकाळी दिसले असते.

यावर स्टुडिओंच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. पहिला श्रमांचा आहे. अपूर्ण गेममधून एक तुकडा वेगळा काढून तो झळझळीत करावयाचा, तर मुख्य कामातील माणसे आठवडेच्या आठवडे तिकडे वळवावी लागतात. हा आक्षेप रास्त आहे. दुसरा विक्रीचा. २०१३ मध्ये गेम-रचनाकार व अध्यापक जेसी शेल यांनी एक्सबॉक्स ३६० वरील विक्रीची आकडेवारी मांडून, केवळ झलक दाखविणाऱ्या गेमची विक्री डेमोही देणाऱ्या गेमच्या सुमारे दुप्पट असते, असे प्रतिपादन केले होते. परंतु डेमोमुळे विक्री घटली की मुळात कमकुवत असलेल्या गेमचेच दोष डेमोने उघड केले, हे अशा आकडेवारीतून ठरत नाही. आणि ग्राहकास नमुना पाहावयास न मिळाल्यामुळेच जी विक्री होते, तिचे समर्थन करणे समीक्षेचे काम नव्हे.

तथापि डेमो दिला म्हणजे ग्राहकाची फसगत टळली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, कारण एका पातेल्यातील भात सर्वत्र सारखा शिजतो. भूमिकाप्रधान गेमची गोष्ट निराळी. त्याचा आरंभ, मध्य व अंत वेगवेगळ्या वेळी, बहुधा वेगवेगळ्या हातांनी आणि वाढत्या घाईत शिजलेला असतो. ‘फायनल फँटसी १५’चा ‘एपिसोड डस्के’ हा डेमो मार्च २०१५ मध्ये निघाला. खेळणाऱ्यांच्या सूचना मागविल्या गेल्या आणि त्यांनुसार जूनमध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. त्यात विस्तीर्ण माळरान होते, चार मित्रांची भटकंती होती, लढाईची नवी पद्धत होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये संपूर्ण गेम हाती आला तेव्हा हे सारे गुण त्यात होतेच. कोलमडले ते उत्तरार्धातील कथानक. विशेषतः तेराव्या प्रकरणातील कंटाळवाण्या बोळांबद्दल इतकी नाराजी उमटली की मार्च २०१७ मध्ये स्टुडिओस त्या प्रकरणात पर्यायी मार्ग घालावा लागला. डेमोने खोटे काही दाखविले नव्हते. त्याने जे दाखविले तेवढेच खरे होते.

बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट ३’चे उदाहरण याहून बोलके आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये डेमो, मार्चमध्ये गेम आणि त्यानंतर शेवटावरून उसळलेला असंतोष, असा तो क्रम होता. तीन गेममधून केलेल्या निवडींना अखेरीस फारसा अर्थ उरत नाही, ही तक्रार होती. जूनमध्ये स्टुडिओने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. तीन गेमच्या संचितावर उभ्या असलेल्या शेवटाचा नमुना आधी देणार तरी कसा? या प्रकारच्या कृतीचे मर्म निवडीच्या दूरगामी परिणामांत असते, आणि नमुन्यात नेमका तो दूरचा पल्लाच नसतो.

मग डेमोचे साक्षीमूल्य कोठवर मानावे? यंत्रावरील कामगिरी, हाताळणीची सुलभता, अक्षरांचा आकार, चालण्याचा वेग, लढाईची लय या बाबतींत ते निर्विवाद आहे. ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’चा डेमो सप्टेंबर २०१७ मध्ये निघाला. त्यावरील अभिप्रायांतून जुलै २०१८ च्या गेममध्ये जलद चालणे, कथादृश्ये वगळता येणे यांसारख्या सुधारणा आल्या. बाबी किरकोळ वाटतील, परंतु साठ तास चालणाऱ्याला चालण्याचा वेग किरकोळ नसतो.

बेल्जियममधील लेरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ या चर्चेत वारंवार आदर्श म्हणून पुढे केला जातो. ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत त्याचा पहिला अंक लोकांसमोर होता. येथे एक फरक विसरला जातो. तो डेमो नव्हता. खेळणाऱ्यांनी पूर्ण किंमत मोजून अपुरी कृती घेतली होती. जवळजवळ तीन वर्षांच्या या लोकपरीक्षेतून पहिला अंक घोटीव झाला. जो तिसरा अंक कोणी आधी पाहिला नव्हता, त्यातच प्रकाशनानंतर यंत्रावरचा ताण आणि विस्कळीतपणा अधिक जाणवला. पात्रांचे अपुरे वाटणारे शेवट नंतरच्या दुरुस्त्यांतून भरून काढावे लागले. गेम थोर आहे, यात शंका नाही. पण जेथे लोकांची नजर पोहोचली तेथे काम चोख आणि जेथे पोहोचली नाही तेथे सैल, ही विभागणी त्याच्याही अंगावर दिसते.

म्हणून मागणी करावयाची ती सरसकट डेमोची नव्हे. डेमो प्रकाशनाच्या तोंडावर, विक्रीस जाणाऱ्या आवृत्तीतूनच कापलेला असावा. त्यामुळे वेगळा तुकडा घडविण्याचा खर्चही पुष्कळसा टळतो. जून २०२३ मध्ये ‘फायनल फँटसी १६’चा आरंभभाग प्रकाशनापूर्वी दहा दिवस अशाच रीतीने खुला झाला आणि तेथवरची प्रगती पूर्ण गेममध्ये पुढे नेता आली. मात्र गेम अनेक यंत्रांवर विकावयाचा असेल, तर डेमो त्यांतील सर्वांत दुबळ्या यंत्रावरही मिळाला पाहिजे. ‘सायबरपंक’च्या बाबतीत सारा घोळ याच ठिकाणी होता. पैसे परत मिळण्याची सोय ही डेमोची जागा घेऊ शकत नाही. स्टीम या विक्रीदालनात २०१५ पासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास रक्कम परत मिळते खरी. परंतु मोठ्या भूमिकाप्रधान गेममध्ये दोन तास अनेकदा पात्राचा चेहरा घडविण्यात आणि पहिल्या गावाच्या वेशीपर्यंत पोहोचण्यातच सरतात.