स्तनकर्करोगातील पेप्टाइड संप्रेरके आणि बीडमधील 'रजोनिवृत्ती'चा रकाना

स्तनकर्करोगाच्या गाठीत एखाद्या पेप्टाइड संप्रेरकाचे जनुक व्यक्त झालेले आढळले की त्यावरून रोगाचे भवितव्य सांगण्याचा मोह संशोधनात वारंवार दिसतो. पॅराथायरॉइड संप्रेरकसदृश प्रथिनाचे (पीटीएचआरपी) उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९८७ मध्ये ओळख पटलेले हे प्रथिन हाडांची झीज घडवून आणते. १९९१ च्या एका अभ्यासात हाडांत पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १३ नमुन्यांपैकी १२ मध्ये, तर इतरत्र पसरलेल्या १८ पैकी केवळ ३ मध्ये ते आढळले. निष्कर्ष सरळ वाटला. परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मूळ गाठीत हेच प्रथिन असलेल्या रुग्णांचे आयुर्मान उलट अधिक दिसले. जनुक तेच, परिसर बदलताच अर्थ बदलला.

हा परिसर म्हणजे केवळ गाठीभोवतीची ऊती नव्हे, तर रुग्णाची संपूर्ण संप्रेरक-स्थिती होय. तिची नोंद मात्र बरेच अभ्यास दोन रकान्यांत उरकतात: रजोनिवृत्तीपूर्व आणि रजोनिवृत्तीनंतर. बीड जिल्ह्यात ही विभागणी टिकणारी नाही. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने माहिती घेतलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यांत पस्तिशी-चाळिशीतील स्त्रियाही होत्या. 'पिशवी काढली' एवढ्या उत्तरावरून नेमके काय काढले, हे कळत नाही. केवळ गर्भाशय गेले असेल तर पाळी थांबते, पण बीजांडकोश इस्ट्रोजेन स्रवत राहतात. बीजांडकोशही गेले असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते, पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारी एफएसएच व एलएच ही संप्रेरके वाढतात आणि हाडांची झीज अकालीच वेग घेते. (बीजांडकोश काढून स्तनकर्करोगावर उपचार केल्याचा अहवाल बीटसन यांनी १८९६ मध्येच दिला होता, तेव्हा या फरकाचे महत्त्व नवे नाही.) तरीही दोघींची नोंद एकाच रकान्यात पडते. हाडांशीच निगडित असलेल्या प्रथिनाच्या अभ्यासात हा दोष किरकोळ ठरत नाही.

म्हणून बीड वा अंबाजोगाई येथे नमुने गोळा करताना 'पाळी बंद' एवढी नोंद पुरेशी मानता येणार नाही. हंगामात कित्येक महिने गावाबाहेर राहणाऱ्या स्त्रीजवळ शस्त्रक्रियेचे कागद असतीलच असे नाही. सोनोग्राफी आणि रक्तातील एफएसएच-एस्ट्राडायोल यांचाच आधार घ्यावा लागेल, आणि तोही रसायनोपचारापूर्वी. कारण ही औषधेही बीजांडकोशांचे कार्य मंदावतात व नंतर वाढलेल्या एफएसएचमागे शस्त्रक्रिया आहे की औषध, हे वेगळे करता येत नाही.