अक्का उठून आत गेली

थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांचा मुलगा गेला तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, ‘अक्का, असातावेदनीय कर्माचा उदय, दुसरं काय!’ अक्का काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. शास्त्रानं पाहिलं तर माझं काही चुकलं नव्हतं. तरी ते वाक्य मला आजवर सलतंय. सी. एस. लुईस यांची दोन पुस्तकं वाचताना ते पुन्हा आठवलं.

लुईस ऑक्सफर्डला साहित्य शिकवायचे. तरुणपणी नास्तिक, पुढे श्रद्धावान ख्रिस्ती. धर्मावरच्या आक्षेपांना तर्कानं उत्तर देण्यात त्यांचा हातखंडा. आपण ज्याला खंडन-मंडन म्हणतो तेच हे. १९४० साली त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ आलं. देव दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, मग दुःख का? त्यांचं म्हणणं असं, की माणसाला स्वातंत्र्य द्यायचं तर चुकायची मोकळीकही द्यावी लागते. आणि सुखात देवाला विसरलेला माणूस दुःखानं जागा होतो. मांडणी स्वच्छ आहे. आपण सृष्टिकर्ता मानत नाही, तरी वाचताना मान डोलते. फक्त मुक्या प्राण्यांच्या दुःखावरचं प्रकरण मला पटलं नाही. खालच्या प्राण्यांना आपण दुःखात आहोत याची जाण असेल का, अशी शंका ते घेतात. मुंगीलाही जीव मानणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे कसं पटावं?

पुढे जॉय डेव्हिडमन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९६० च्या जुलैत जॉय कॅन्सरनं गेल्या. त्या दिवसांतल्या नोंदींचं पुस्तक ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ १९६१ साली निघालं, तेही टोपणनावानं. त्यात तो वाद जिंकणारा लुईस दिसत नाही. गरजेच्या वेळी देवानं दार लावून घेतलं, असं ते लिहितात. देव नाही असं वाटण्याची त्यांना भीती नाही. तो क्रूर असेल, याची भीती आहे. धर्मानं सांत्वन होतं म्हणणाऱ्यांचा त्यांना राग येतो. शेवटी श्रद्धा टिकते, पण ती पहिल्या पुस्तकातल्या मुद्द्यांच्या बळावर टिकली असं मला वाटलं नाही.

मग पहिलं पुस्तक खोटं ठरलं का? मी तसं म्हणणार नाही. त्याच्या प्रस्तावनेतच लुईस प्रामाणिकपणे सांगतात, की हे पुस्तक बुद्धीला पडलेल्या प्रश्नापुरतं आहे, दुःख सोसायला शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. कॉलेजात जाणारा नातू ‘देव कशाला मानायचा?’ विचारतो, त्याला उत्तर हवंच. ‘गप्प बस, मोठी माणसं सांगतात ते ऐक’ म्हणून भागत नाही. आपल्या समंतभद्राचार्यांनीही ‘आप्तमीमांसे’त आप्त कोणाला म्हणावं हे तर्कानंच पारखलं. पण अक्कांनी मला काही विचारलंच नव्हतं. उत्तराची गरज मला होती. त्यांचं रडणं मला बघवत नव्हतं, म्हणून मी कर्मसिद्धांत पुढे केला.

बायांनो, वाचायचीच तर दोन्ही वाचा, आणि याच क्रमानं वाचा. पहिलं वाचून कुणाला समजवायला मात्र लगेच निघू नका.

गेल्या पर्युषणात अक्कांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी तू नुसती बसली असतीस तरी चाललं असतं गं.’